चार नंबरच्या मागाची फीत

बाळाच्या डोक्याचा घेर घ्यायचा होता आणि एइयाला तिची फीत सापडत नव्हती. एइया ही बाळांच्या दवाखान्यातली परिचारिका. दर महिना-दीड महिन्याने ओइवाचं वजन, उंची आणि डोकं मोजून वाढीच्या रेघेवर एक ठिपका ठेवायचा हे तिचं काम, आणि तो ठिपका कुठे पडतो ते श्वास धरून बघायचं हे इंकाचं. एइयाने खण उघडले, खिसे उलटे केले, पडद्यामागे जाऊन आली. तोवर दहा महिन्यांचा ओइवा टेबलावर उघडाबंब बसून खाली अंथरलेल्या कागदाची कड चावत होता. एवढा कागद पोटात गेला तर काय होतं, हे विचारावं तर मागच्या खेपेला वाळूबद्दल विचारलं होतं, त्याच्या आधी लोकरीच्या धाग्याबद्दल. एइयाच्या यादीत आपली नोंद कशी झाली असेल याचा अंदाज इंकाला होता. म्हणून न विचारता तिने कागदाच्या बदल्यात द्यायला काहीतरी शोधायला पिशवीत हात घातला, आणि चोखणी, मोजे, अर्धं केळं यांच्याखालून हाताला आली ती फीत. पिवळट कापडी फीत, एका टोकाला पितळी टाचणी, आणि पाठीवर जाड निळ्या शाईत लिहिलेलं: माग ४.

‘अगं, तुझ्याकडे आहे की,’ म्हणत एइयाने ती घेतलीसुद्धा. टाचणी बाजूला वळवून तिने ओइवाच्या कपाळाभोवती फीत फिरवली, आकडा वाचला, पंचेचाळीस पूर्णांक दोन, आणि ठिपका ठेवला. ठिपका नेमका मधल्या रेघेवर पडला. गेला दीड महिना इंका या ठिपक्याची वाट बघत होती. सप्टेंबरअखेर तो रेघेच्या किंचित खाली पडला होता, एवढासा, एइयाच्या मते ओइवाने मान हलवली म्हणून; पण मान हलवल्याने डोकं लहान होतं हे इंकाला पटलं नव्हतं. आज तो मधोमध होता आणि तिला आनंद व्हायला जागाच उरली नव्हती. फीत इथे आहे. फीत इथे आहे म्हणजे ती तिथे नव्हती. किती आठवडे नव्हती, हे मोजायला बोटं पुरत होती. पण त्या आठवड्यांत मागावर काय झालं, ते मोजायला जी एकच गोष्ट उपयोगी पडली असती ती तिच्या मुलाच्या डोक्याभोवती गुंडाळलेली होती.

दवाखान्यातून बाहेर पडून ढकलगाडी बर्फाच्या चिखलातून रेटताना तिने सगळं नीट मांडायचा प्रयत्न केला. तांपेरे शहराच्या प्रौढ-शिक्षण केंद्रात मंगळवारी सकाळी दहा ते एक सतरंज्या विणायचा वर्ग भरतो. माग पाच, माणसं दहा. प्रत्येक मागावर शिक्षिका राकेल चार मीटर सतरंजीचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवून देते आणि तो दोघांत वाटलेला असतो. पहिले सहा आठवडे एकाने दोन मीटर विणायचं, तेवढ्यात दुसऱ्याने चिंध्या फाडायच्या, मग अदलाबदल. विणलेलं कापड पुढच्या दांड्यावर गुंडाळत जातं आणि दिसेनासं होतं. आपण किती विणलं हे विणणाऱ्याला कधीच दिसत नाही, समोर असते ती फक्त हातभर पट्टी. म्हणून कडेला फीत टाचायची, विणत जाऊ तशी टाचणी पुढे घ्यायची, दोन मीटर आले की थांबायचं. राकेलने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मागावर बाकी सगळं चुकलं तरी उसवता येतं, फीत तेवढी सोडायची नाही. आणि इंकाने तिसऱ्या मंगळवारी फीत काढून खिशात घातली होती, कारण घरातल्या फितीवर तिचा विश्वास उरला नव्हता. लाकडी पट्टीशी ताडून पाहिली तेव्हा घरची फीत दोन मिलिमीटर ताणलेली निघाली होती. राकेलची फीत अस्सल. एकदाच ओइवाचं डोकं मोजायचं, पुढच्या मंगळवारी परत टाचायची, एवढंच. डोकं मोजलं, पंचेचाळीसला थोडं कमी भरलं, ती धास्तावून पुन्हा मोजायला गेली, ओइवा रडला, फीत पिशवीत गेली आणि वरून केळं आलं.

पण पुढच्या मंगळवारी ती आठवली कशी नाही? हा प्रश्न तिला त्या फितीपेक्षा जास्त टोचत होता, कारण न आठवणं हा तिचा स्वभाव नव्हता. ओइवा झाल्यापासून ती सगळं मोजत होती. दूध किती मिनिटं, झोप किती मिनिटं, किती लंगोट, कोणत्या रंगाचं. स्वयंपाकघरात एक चौकटीची वही लोंबकळत होती आणि तिच्यात इलारीला, म्हणजे नवऱ्याला, तासाला एक नोंद करायची सक्ती होती. दुपारी ओइवा गारठ्यात, बाल्कनीत गाडीत झोपायचा तशी या शहरातली सगळी बाळं झोपतात, पण दर सात मिनिटांनी काचेला नाक लावून पांघरुणाची वरखाली बघणारी आई सगळ्यांच्या बाल्कनीत नसते. हे तिला समजत होतं. तिने बालमानसशास्त्राच्या दोन परीक्षा उत्तम गुणांनी दिल्या होत्या, काळजीला काय म्हणतात ते तिला व्याख्येसकट येत होतं, आणि व्याख्या म्हणत म्हणतच ती काचेपाशी जायची. ऑगस्टमध्ये वर्गांची नोंदणी उघडली तेव्हा सकाळी नऊच्या ठोक्याला इलारी एका संगणकावर, ती दुसऱ्यावर आणि तिची आई आउने कांगासाला गावाहून फोनवर अशी तिघं टपून बसली होती. तीन मिनिटांत संपतात जागा. लाकडी चमचे, अळंबी ओळखणे, नवशिक्यांची इटालियन – आईच्या शेजारीणबाई नवशिक्यांच्या इटालियनमध्ये नऊ वर्षं आहेत, पुढच्या वर्गात गेलं तर तिथे जागा मिळेल याची खात्री नाही म्हणून. या शहरात माणसं शिकायला लागली की थांबत नाहीत, आणि एकदा मिळालेली खुर्ची जिवंतपणी सोडत नाहीत. इंकाला चार नंबरचा माग मिळाला तेव्हा इलारीने तिला उचलून फिरवलं होतं. आता मंगळवारी तीन तास ओइवाला आई सांभाळणार, वहीत आई लिहिणार. आई वहीत फक्त ‘ठीक’ असं लिहीत असे, आणि पहिले तीन मंगळवार इंका मागावर बसून त्या ‘ठीक’चा अर्थ लावत होती.

चौथ्या मंगळवारचं काय आठवतंय? पावडीवर पाय. डावा, उजवा. धोटा डावीकडून सुटतो, उजव्या हातात येतो, फणी ओढायची, धप्प. इलारीच्या निळ्या सदऱ्याची पट्टी, मग आईने आणलेल्या पडद्याची हिरवी, मग पोटुशी असतानाचा तिचा तो भला मोठा ठिपक्यांचा झगा, जो तिने कात्रीने टराटरा फाडला होता. ठिपके चिंधीत गेल्यावर कुठे एक पांढरा कण दिसे, कुठे दिसत नसे. धप्प. खिडकीबाहेर जुन्या कापडगिरणीची चिमणी आणि खाली धबधब्याचा आवाज. या शहराला मागाचा आवाज नवा नाही, आईनेच वयाच्या अठराव्या वर्षी गिरणीत कापड मोजायच्या टेबलावर काम धरलं होतं. आणि मग एकदम राकेलचा हात खांद्यावर, एक वाजून गेला, ऊठ आता. तीन तास. त्या तीन तासांत ओइवा एकदाही आठवला नव्हता, आणि जिन्यात हे लक्षात येताच ती धावत सुटली होती, तो आईच्या मांडीवर बसून चमचा बडवत होता, वहीत लिहिलं होतं: ठीक. पाचव्या मंगळवारी तेच. सहाव्या मंगळवारी चिंध्यांची पिशवी रिकामी झाली तेव्हा ती थांबली. दोन मीटर झाले असतीलच, असं तिने धरलं. धरलं, हा शब्द तिने आयुष्यात किती वेळा वापरला असेल?

आता सातव्या मंगळवारपासून पुढचे सहा आठवडे मागावर तौनो बसत होता, आणि इंका बाकावर बसून चिंध्या फाडत होती. उरलेल्या ताण्यात त्याचे दोन मीटर आहेत की नाहीत, हा आता तिच्या जगातला एकमेव प्रश्न होता. भिंतीवर नियमांचा कागद होता आणि सातवा नियम तिला पाठ होता: जो आपल्या मापापलीकडे विणून शेजाऱ्याचा ताणा वापरेल त्याची पुढच्या सत्रातली पाळी त्या शेजाऱ्याकडे जाईल. म्हणजे जानेवारीपासून मंगळवार नाही. मंगळवार नाही म्हणजे सातही दिवस ती वही, ती काच. आणि शेजारी कोण, तर तौनो.

तौनो हा सहासष्ट वर्षांचा, गेल्याच वर्षी निवृत्त झालेला माणूस. त्याआधी एकतीस वर्षं तो वाहन चालवण्याचा परवाना देणारा परीक्षक होता. इंकाने त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं. त्याने तिला ओळखलं नव्हतं, आणि असंच राहो असं ती मनात म्हणत होती. अकरा वर्षांपूर्वी, अठरा वर्षांची असताना, एका ओल्या सकाळी ती गाडी चालवत होती आणि हा शेजारी बसला होता, मांडीवर फळी, फळीवर कागद. हॅमेएनकातू रस्त्याच्या चौकात सिग्नल लाल झाला, ती थांबली, पण थांबायची पांढरी रेघ पुढच्या चाकाखाली गेली होती. वीतभर. तिने घाईने गाडी मागे घेतली. त्याने ‘थांबा’ म्हटलं, आणि मग काचेतून बाहेर बघत, आवाज न चढवता: ‘रेघ तिथे आहे.’ नापास. पुढच्या खेपेला ती दुसऱ्या परीक्षकाकडे पास झाली, पण ते वाक्य तिला अजून ऐकू येतं, दुधाची बाटली काठोकाठ भरली की, वाढीच्या रेघेखाली ठिपका पडला की. आणि आता त्याच माणसाच्या हक्काच्या ताण्यावर ती किती विणून बसली होती हे देवाला ठाऊक, नाहीतर दांड्याला.

त्या संध्याकाळी जेवताना तिने इलारीला सांगितलं. इलारी लिफ्टच्या दोरांवर येणारा ताण मोजतो. त्याच्याकडे समजूत मागितली की आकडे मिळतात. त्याने बटाटा बाजूला ठेवून विचारलं, नक्की किती सेंटिमीटर? तेच तर माहीत नाही, ती म्हणाली. मग चिंध्या किती होत्या? पाच सदरे, एक झगा, एक चादर. आणि आईचा पडदा? त्याने कागद घेतला, पट्टीची रुंदी, फणीचा घनपणा, पडद्याची लांबी फोनवरून आउनेला विचारली, आणि दहा मिनिटांनी म्हणाला, तीन मीटर चाळीस, पाच सेंटिमीटर इकडेतिकडे. म्हणजे तौनोला साठ उरले. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर गणित सुटल्याचं समाधान होतं आणि ते लपवायला त्याने दूध प्यायलं. फोनवर आईने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, ‘गिरणीत कापड कमी भरलं की गिऱ्हाईक ओरडायचं. जास्त भरलं तर कुणी ओरडलेलं मी ऐकलं नाही बाई.’ इंका म्हणाली की इथे जास्तही आहे आणि कमीही आहे, दोन्ही एकाच ताग्यात. ‘मग त्या माणसाला सांगून टाक,’ असं म्हणून आईने फोन ठेवला. सांगून टाक! जणू या देशात माणसं एकमेकांना काही सांगून टाकतात. जिन्यात शेजारी दिसला तर तो आत जाईपर्यंत दाराच्या छिद्राशी थांबायचं, हे तिला शिकवलं कुणी? याच आईने.

पुढचे मंगळवार तिने सांगण्याच्या तयारीत घालवले. एकदा ब्लूबेरीचा केक करून नेला आणि सगळ्यात मोठा तुकडा तौनोपुढे ठेवला; त्याने आभार मानून तो निम्मा कापला, निम्मा परत ठेवला. एकदा पत्र लिहिलं, पहिलं वाक्य ‘आपण मला ओळखत नाही’, आणि ते खोटं आहे की खरं हे ठरेना म्हणून फाडलं. चिंध्या फाडून फाडून हात इतका बसला होता की कागदाच्याही सरळ पट्ट्या निघाल्या. फीत तर रोज सोबत होतीच. ती गुपचूप परत टाचून द्यावी तर कुठे टाचायची? जिथून काढली ती जागा दांड्यावर कधीच आत गुंडाळली गेली होती. तौनोने स्वतःची पोलादी टेप आणली होती. दर चार फेऱ्यांनी तो ती लावून बघे, मग खिशातून पेन्सिल काढून पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिही. पहिल्या सहा आठवड्यांत त्याने चिंध्याही पट्टी धरून फाडल्या होत्या, दोन सेंटिमीटर, सगळ्या दोन सेंटिमीटर, एकही पट्टी उन्नीस-बीस नाही. वर्गातल्या बायका त्याला मागून ‘सरकार’ म्हणत. आता तो विणत होता करडं, सगळं करडं, परीक्षकाच्या जुन्या गणवेशाचं कापड. आणि इतकं सावकाश की इंकाचा जीव वरखाली होत असे. दिवसाला दहा सेंटिमीटर. त्याने वेग घेतला तर ताणा संपून मागच्या दांड्याचं लाकूड लवकर उघडं पडणार होतं आणि तिचं बिंग फुटणार होतं. त्याने असाच वेळ काढला तर निदान शेवटच्या दिवसापर्यंत निभत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या तरी मंदपणासाठी प्रार्थना करत होती. मधूनच तो मान वळवून तिच्याकडे बघे. तिला वाटे, ओळखलं. मग तो पुन्हा पावडी दाबे. धप्प. अर्ध्या मिनिटाने, धप्प.

आणि याच बाकावर बसून तिला एक चमत्कारिक गोष्ट कळत गेली, जी तिने ना इलारीला सांगितली ना आईला. अपराधी वाटत होतं, ते खरंच होतं. पण दांड्यावर गुंडाळलेली ती गुंडाळी बघून हात शिवशिवत होते. त्या गुंडाळीत कुठेतरी आत ते तीन मंगळवार होते, एकही आकडा न लागलेले. ते कसे दिसत असतील? हिरव्यानंतर निळा येत असेल की ठिपके? कडा वाकड्या गेल्या असतील? फीत हरवली तेव्हा आपण जे काही विणलं ते बघायची तिला इतकी ओढ लागली होती की तौनोचं काय होणार हे कधीकधी मिनिटभर विसरायला होई, आणि मग ती स्वतःलाच दटावी, की बाई, तू चोरी केली आहेस आणि वर माल कसा आहे ते बघायला उतावीळ झाली आहेस.

डिसेंबरमधल्या दुसऱ्या मंगळवारी कापणी होती. कापणीच्या दिवशी कुणी विणत नाही. कॉफी असते, वेलची घातलेले गोल पाव असतात, आणि एकेक माग उलगडून सतरंज्या कापल्या जातात, सगळे गोल उभे राहून बघतात आणि प्रत्येक सतरंजीला ‘छान’ म्हणतात, कमी नाही जास्त नाही. इंका ओइवाला घेऊन आली होती, कारण आईने आयत्या वेळी पाठदुखीचं कारण सांगितलं. तिला बघायचं नसावं. एक, दोन, तीन नंबर कापून झाले. चारपाशी राकेल आली, मागे बघितलं, लाकूड बघितलं, भुवई वर केली. इंकाने ओइवाला कडेवरून जमिनीवर ठेवलं, पिशवीत हात घातला आणि फीत राकेलसमोर धरली. जे म्हणायचं ते गेले चार आठवडे घोकलेलं होतं, बाहेर आलं ते एवढंच: ‘ही माझ्याकडे होती. तिसऱ्या मंगळवारपासून.’

नऊ माणसं कॉफीच्या कपात बघत होती. राकेलने फीत घेतली, दांड्याची कळ सोडून सगळी गुंडाळी सोडवून घेतली आणि सुरुवातीच्या टोकापासून सतरंजी जमिनीवर पसरत नेली. सुरुवातीचा मीटर अगदी पुस्तकी होता, निळा हिरवा निळा हिरवा, कडा दोरीसारख्या सरळ. मग काहीतरी सैल झालं. रंग एकमेकांत शिरायला लागले, ठिपके येऊन गेले, एका ठिकाणी हिरवा उगाच चार बोटं रेंगाळला होता जसा कुणी खिडकीतून बाहेर बघत उभं राहावं, मग नुसता पांढरा, मग सगळं एकदम. कड किंचित आत-बाहेर होत होती, श्वासासारखी. इंकाला स्वतःचे हात ओळखू येईनात. सतरंजी तशीच पसरत राहिली, दोन मीटर गेले, अडीच गेले, तीन नंबरच्या मागाखाली शिरली, आणि शेवटी आली ती करड्याची पट्टी, चौकोनी, इस्त्री केल्यासारखी. राकेल गुडघ्यावर बसून मोजत गेली. तीन मीटर पस्तीस. आणि तौनोचे पासष्ट सेंटिमीटर. इलारी पाच सेंटिमीटरने चुकला होता, स्वतःच्याच मुभेत.

राकेल म्हणाली की नियमाने दोन मीटरवर कापायला हवं. पलीकडचं सगळं तौनोचं, त्याचेही दोन मीटर बरोबर भरतात. फक्त कापायच्या जागी दोन्हीकडे वीतभर उसवून घ्यावं लागेल, दशांच्या गाठी मारायला. इंका केव्हाच खाली बसली होती. दोन मीटरच्या खुणेपाशी तिने बोटाने चिंधीचं टोक शोधलं. ‘मी उसवते,’ ती म्हणाली, आणि ठिपक्यांच्या झग्याची पट्टी ओढायला लागली. पट्टी निघेना. फणीने इतकी घट्ट बसवली होती की नख वाकलं. ती ओढत राहिली, डोळ्यांत पाणी येतंय हे कळू नये म्हणून मान खाली घालून, आणि ते पाणी शरमेचं नसून चक्क हावरटपणाचं होतं. मला हे द्यायचं नाही, हे माझं आहे, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

‘थांबा.’

तोच आवाज. अकरा वर्षांत जराही चढला नव्हता. इंकाचे हात जागच्या जागी थांबले, उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला.

तौनो पलीकडच्या टोकाला, करड्यापाशी उभा होता. खाली तिच्याकडे न बघता तो खिडकीतून गिरणीच्या चिमणीकडे बघत होता. ‘हॅमेएनकातूचा चौक,’ तो म्हणाला. ‘पांढरी लहान गाडी. पाऊस होता.’

म्हणजे ओळखलं होतं. पहिल्या दिवसापासून.

‘रेघ ओलांडली म्हणून मी कुणाला नापास केलं नाही,’ तौनो म्हणाला. ‘वीतभर सगळेच जातात. तुम्ही गाडी मागे घेतलीत. मागे एक बाई होती, सायकलवर.’

ती सायकल इंकाने आजवर कधी पाहिलीच नव्हती. अकरा वर्षं ती रेघेकडे बघत होती.

‘मी सहा आठवडे इथे बाकावर होतो,’ तो पुढे म्हणाला, आणि एवढं बोलायची सवय नसल्यामुळे मध्येच थांबून त्याने कॉफीचा घोट घेतला. ‘चौथ्या आठवड्यातच दिसलं, फीत नाही. सांगणार होतो. एकतीस वर्षं मी माणसांच्या शेजारी बसलो. सगळी घाबरून. शेजारी मी आहे हे विसरलेलं माणूस कधी बघितलं नव्हतं. मग नाही सांगितलं.’ त्याने वाकून तिने अर्धवट ओढलेलं ठिपक्यांचं टोक अंगठ्याने परत आत दाबलं. ‘ते राहू द्या. माझं आहे तेवढं कुत्र्याला पुरतं. कुत्रा लहान आहे.’

राकेलने घसा साफ केला. हे सगळं ठीक आहे, पण सातवा नियम, ती म्हणाली, आणि तिला खरोखर वाईट वाटत होतं. इंकाची पुढची पाळी तौनोकडे जाते. आणि तिसऱ्या नियमाप्रमाणे ज्याचं काम अपुरं राहिलं त्याला नव्या ताण्यावर पहिला हक्क, तोही तौनोच. तौनोने मान डोलावली. ते त्याला माहीत होतं, नियम त्याने ऑगस्टमध्येच वाचले होते. कुल्लिक्कीला, म्हणजे बायकोला, त्याने सांगूनही ठेवलं होतं की वसंतातही मंगळवार मोकळा ठेवावा लागेल, नोंदणीची गरज नाही. कुल्लिक्कीने या बातमीवर केक केला होता. इंकाला एकदम ते दिवसाला दहा सेंटिमीटर आठवले. ती बघत राहिली. सरकारचा चेहरा कोरा होता.

‘दोन पाळ्या माझ्या,’ तो राकेलला म्हणाला. ‘पहिली मी घेतो. दुसरी मी कुणाला द्यायची, याबद्दल नियमात काही आहे?’

राकेलने भिंतीवरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग चष्मा काढून पुन्हा वाचला. नाही, काही नव्हतं. ‘मग हिला,’ तौनो म्हणाला आणि पाव घ्यायला वळला. बाकीच्या आठ जणांनी सुटकेचा निःश्वास टाकून सतरंजीकडे बघितलं आणि ‘छान’ म्हटलं. एक बाई ‘फार छान’ म्हणाल्या आणि लगेच ओशाळल्या.

मग कात्री चालली, हिरवा आणि करडा वेगळे झाले, गाठी मारल्या गेल्या. ओइवा सतरंजीवर रांगत रांगत मागाखाली गेला होता. तो तिथे किती वेळ होता हे इंकाला सांगता आलं नसतं. त्याच्या तोंडात चिंधीचा एक तुकडा होता. तिने तो काढला, रंग पाहिला आणि खिशात टाकला. इलारी खाली गाडी घेऊन यायचा होता. एवढी लांब गुंडाळी दोन खोल्यांच्या घरात कुठे मावणार, वऱ्हांड्यातून जाऊन भिंतीवर चढेल बहुतेक, मग चढू दे.

ओइवाच्या पायात बूट चढवत असताना तिला राकेल मागून बडबडताना ऐकू आली. जानेवारीचा ताणा आजच आखून ठेवायचा होता आणि चार नंबरची फीत सापडत नव्हती. आत्ता हातात होती, टेबलावर ठेवली, कुणी पाहिली का? सगळ्यांनी टेबलाखाली बघितलं. कुणी पाहिली नव्हती. तौनो दाराशी उभा राहून कोट चढवत होता, काखेत कुत्र्याची सतरंजी, वरचं बटण आधी, मग खालचं. त्याच्या कोटाच्या उजव्या खिशाच्या कडेला पितळी टाचणीचं डोकं चमकत होतं.

वसंतात पहिली पाळी त्याची होती. दुसरी तिची. चार मीटरचा ताणा.

राकेलने विचारलं, ‘इंका, तुझ्या पिशवीत तर नाही ना परत?’

इंकाने पिशवी उघडून दाखवली. चोखणी, मोजे, केळं. ‘नाही,’ ती म्हणाली, आणि ओइवाच्या दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला लागली.